बावन्न दरवाजांचं शहर आणि आपला एक सर्व्हर

वेबसाइट आपली, फोटो आपले, डेटा आपला... मग किल्ली कुणाकडे? कुठली ऑपरेटिंग सिस्टिम घ्यायची आणि नेटवर काहीही ‘होस्ट’ करताना प्रायव्हसी कशी सांभाळायची, याची ही साधी-सरळ उजळणी. टेक्नो-भाषा कमी, कामाची गोष्ट जास्त!

१४ ऑक्टोबर २०२५. दिवाळी जेमतेम आठवड्यावर आलेली. बोनस कधी, सुट्ट्या किती, पुण्याहून येणाऱ्या ट्रॅव्हल्सचं तिकीट मिळालं का, या धावपळीत एक बातमी बहुतेकांच्या नजरेतून सुटली. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. म्हणजे लॅपटॉप सुरू होणार, एक्सेल उघडणार, पिक्चरही दिसणार. फक्त सिस्टिममध्ये नवं भोक सापडलं तर ते बुजवायला कुणी येणार नाही. नाव नोंदवलं तर वाढीव मुदत, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. नाहीतर विंडोज ११ वर जा. पण त्यासाठी मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. कॉलेजात असताना हप्त्यानं घेतलेल्या आपल्या लॅपटॉपमध्ये तो कुठून असणार?

तेव्हापासून माझ्या मित्रमंडळींत एकच चर्चा. संध्याकाळी कॅनॉटला चहा घेताना कुणीतरी विषय काढतंच. ‘अगं, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकू का?’ आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न, ‘टाकलंच, तर घरचे फोटो, माझी वेबसाइट त्याच्यावरच ठेवली तर? सगळं आपल्याच घरात. फुल्ल प्रायव्हसी!’

आयडिया झकास आहे. गुगल फोटोजनं फुकटची अमर्याद जागा १ जून २०२१ ला बंद केली आणि तेव्हापासून ते १५ जीबी कधी भरतात, कळतही नाही. पण या बोलण्यात एक घोळ आहे. इथे प्रश्न दोन आहेत आणि आपण उत्तर एकच शोधतोय. सिस्टिम कुठली, हा एक प्रश्न. माझी माहिती कुणाला दिसणार, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसरा आपोआप सुटत नाही.

सगळ्यात भारी ओएस कुठली?

या प्रश्नावर इंटरनेटवर वीस-पंचवीस वर्षं भांडणं चालू आहेत. विंडोजवाले, मॅकवाले, लिनक्सवाले... जावई-सासरेसुद्धा इतके भांडत नसतील! पण सर्व्हर चालवायचा असेल तर भारी ओएसची व्याख्या सोपी आहे. जिचे अपडेट वेळेवर येतात आणि जिचे अपडेट तुम्ही खरोखर टाकणार आहात, ती.

हे पटत नसेल तर २०१७ आठवा. त्या वर्षी १४ मार्चला मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधल्या एका मोठ्या भोकावर अपडेट काढलं होतं. जगभरात असंख्य लोकांनी ‘रिमाइंड मी लेटर’वर क्लिक मारलं. १२ मेला ‘वॉनाक्राय’ त्याच भोकातून घुसला. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. त्यानं पसरण्यासाठी वापरलेल्या वाटांपैकी एक वाट पुन्हा तीच. मर्स्क या जहाज कंपनीची सिस्टिम त्यानं जगभर आडवी केली आणि न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या ग्रुपचं टर्मिनल ठप्प झालं. वाळूज-चिकलठाण्याचा एक्सपोर्टचा माल ज्या बंदरातून जातो, तेच हे बंदर. कुठे युक्रेन, जिथे हा व्हायरस सोडला गेला, आणि कुठे उरणच्या रस्त्यावर उभ्या ट्रकांच्या रांगा! अपडेट आलेलं होतं, तीन महिने आधी.

म्हणून निवडताना लोगो बघू नका, तारीख बघा. ही सिस्टिम किती वर्षं सांभाळली जाणार आहे?

उबुंटूची ‘एलटीएस’ आवृत्ती दर दोन वर्षांनी, एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. एप्रिल २०२४ ला आलेली २४.०४ म्हणूनच २०२९ पर्यंत चालेल. याच उबुंटूची सीडी २००५ ते २०११ च्या काळात पोस्टानं फुकट घरी यायची. त्या वेळी कॉलेजात असलेल्यांना ते पाकीट नक्की आठवत असेल.

डेबियन म्हणजे उबुंटूची आई. १९९३ पासून स्वयंसेवक चालवतात, मालक कुणी नाही. नवं काही लवकर येत नाही, पण जे येतं ते तावूनसुलाखून. तिची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. एकदा लावून निवांत राहायचं असेल तर माझं मत हिलाच.

ओपनबीएसडी हे प्रकरण खास सुरक्षेसाठी ओळखलं जातं. शिस्तीचं घर आहे. पण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आणि आपल्या आसपास विचारायला माणूस मिळणं कठीण. हौस असेल तरच.

विंडोज सर्व्हरचं लायसन्स महाग. पण सीएच्या ऑफिसात टॅलीच चालवायची असेल तर उगाच लिनक्सचा हट्ट कशाला? कामापुरती सिस्टिम, हे तत्त्व इथेही लागू.

आणि सेंटओएसचा किस्सा विसरू नका. स्वस्त होस्टिंगवाल्यांची ती लाडकी. आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल असं सांगितलं गेलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटनं जाहीर केलं, की ती ३१ डिसेंबर २०२१ लाच बंद! सातवीही ३० जून २०२४ ला संपली. तुम्ही कुणाकडून होस्टिंग घेतलं असेल तर त्यांना आजच विचारा, ‘सर्व्हरवर कुठली ओएस आहे आणि तिला अपडेट कधीपर्यंत मिळणार?’ उत्तर द्यायला जो घुटमळेल, त्याच्याकडे पुढच्या वर्षाचे पैसे भरायचे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

लिनक्स म्हणजे कवचकुंडलं नव्हेत

‘लिनक्सला व्हायरस येत नाही’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. २९ मार्च २०२४ ला त्या वाक्याला घाम फुटला. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनीअरला जाणवलं, की आपल्या मशीनवर रिमोट लॉगिन नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद उशिरा होतंय. अर्धा सेकंद! आपण तेवढ्यात जांभईसुद्धा देत नाही. त्यानं मागोवा घेतला, तेव्हा ‘एक्सझेड’ नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला. ‘जिया तान’ या नावानं वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ इमानेइतबारे काम करून विश्वास कमावला होता आणि मग घरभेदीपणा केला.

गंमत म्हणजे हा फटका बसला तो सगळ्यात नवं ते हवं असणाऱ्यांना. डेबियनच्या ‘स्टेबल’ आवृत्तीपर्यंत तो भाग पोचलाच नव्हता. फोन लेटेस्ट असावा, सर्व्हर मुरलेला असावा, हा त्यातला धडा. इथे एक गल्लत करू नका. जुनी आवृत्ती म्हणजे अपडेट न टाकलेली नव्हे. मुरलेली, पण रोज झाडलोट होणारी.

एका क्लासची गोष्ट

सिडकोत राहणारी माझी एक मैत्रीण नववी-दहावीचे गणिताचे क्लास घेते. ओळखीतल्या एका मुलानं तिला वेबसाइट करून दिली. सर्व्हर लिनक्सचा, अपडेट वेळच्या वेळी. कागदावर सगळं ओके. मग एक दिवस पालकांचे फोन यायला लागले. आधी तक्रार साधी होती. ‘मॅडम, दुसऱ्या क्लासवाल्यांना आमचा नंबर कुठून मिळाला?’ नंतर एका वडिलांचा फोन आला आणि ते घाबरलेले होते. रात्री कुणीतरी फोन करून त्यांच्या मुलीला मागितलं होतं. तिचं नाव, तिची बॅच, चाचणीतले मार्क, सगळं त्या माणसाला पाठ.

‘अगं, पण पासवर्ड होता की!’ मैत्रीण मला सांगत होती. पासवर्ड होता, पण ॲडमिनच्या पानाला. निकालाची एक्सेल फाइल ज्या फोल्डरमध्ये होती, ते सताड उघडं. ब्राउझरमध्ये फोल्डरचा पत्ता टाकला, की आतल्या सगळ्या फाइलींची यादी समोर. सर्च इंजिननं ती यादी वाचून ठेवलेली. पालकांचे मोबाइल नंबरसुद्धा त्याच शीटमध्ये, कारण तिला मेसेज पाठवायला ते सोयीचं पडायचं.

तिनं फाइल काढली, सर्च इंजिनला ती हटवायची विनंती केली, प्रत्येक पालकाला स्वतः फोन केला. त्या मुलीच्या घरच्यांनी नंबर बदलला. पुढे काही वाईट झालं नाही. पण जे बाहेर गेलं ते परत बोलावता येत नाही, हे तिला आता कुणी समजावून सांगायची गरज उरलेली नाही.

या गोष्टीत ओएसचा दोष शून्य. डेबियन असतं, विंडोज असतं, ओपनबीएसडी असतं, तरी हेच झालं असतं. कुलूप कितीही भारी असो, ट्रंक अंगणात ठेवली तर काय उपयोग? आणि ट्रंकेतल्या वस्तू आपल्या नव्हत्या, दुसऱ्यांच्या लेकरांच्या होत्या. होस्टिंग करताना बऱ्याचदा पणाला लागते ती आपली नाही, दुसऱ्याची प्रायव्हसी.

आपल्या शहरानं शिकवलेली नेटवर्क सिक्युरिटी

छत्रपती संभाजीनगर म्हणजे बावन्न दरवाजांचं शहर, हे आपण पाहुण्यांना कौतुकानं सांगतो. मलिक अंबरचा भडकल दरवाजा १६१२ चा. औरंगजेबानं १६८२ मध्ये शहराला तटबंदी घातली. दिल्ली, जालना, पैठण आणि मक्का हे मुख्य दरवाजे चार दिशांना; बाकीचे लहान-मोठे. कुठून कोण येणार, हे ठरलेलं.

सर्व्हरचंही तसंच आहे, फक्त त्याच्या दरवाजांना ‘पोर्ट’ म्हणतात आणि ते तब्बल ६५,५३५ आहेत! वेबसाइटला त्यातले दोन पुरतात, ८० आणि ४४३. तुम्हाला स्वतःला आत जायला एक, सहसा २२. बाकी सगळे फायरवॉल लावून बंद. डेटाबेसचा दरवाजा तर जगासाठी कधीच उघडायचा नाही. २२ नंबरवर पासवर्ड बंद करून ‘की’ वापरा, कारण त्या दारावर जगभरातून यंत्रं चोवीस तास पासवर्ड ठोकून बघत असतात. नवा सर्व्हर सुरू केल्यावर थोड्याच वेळानं त्याचा लॉग उघडून बघा, खात्री पटेल.

आणि एकाच दारावर भिस्त नको. देवगिरीचा किल्ला बघितलाय ना? तटावर तट, मग खंदक, मग ती अंधारी. एक अडथळा पार झाला तर पुढे दुसरा तयार. सर्व्हरवरही फायरवॉल, की, वेगवेगळे युजर, बॅकअप असे थर हवेत.

दारावरची पाटी

दरवाजे झाले. आता पाटी. आपण कोण, कुठले, हे आपण नकळत तीन ठिकाणी लिहून ठेवतो.

पहिली पाटी डोमेनची. नोंदणीत नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो. डॉट कॉमसारख्या डोमेनच्या मालकाची माहिती पूर्वी कुणालाही दिसायची. युरोपच्या नव्या कायद्यामुळे मे २०१८ पासून ती बरीचशी झाकली जाते. आपल्या ‘डॉट इन’च्या नियमात मात्र दुसऱ्याच्या नावाआड लपायची, म्हणजे प्रॉक्सीची, परवानगी नाही. खोटी माहिती द्यायचीच नाही. पण घराऐवजी दुकानाचा किंवा ऑफिसचा पत्ता आणि फक्त याच कामासाठी काढलेला ईमेल द्यायला कोण अडवतंय? घरून एकटीनं बिझनेस करणाऱ्या मैत्रिणींनो, हे जास्त तुमच्यासाठी.

दुसरी पाटी सर्टिफिकेटची. ॲड्रेस बारमधल्या ‘एचटीटीपीएस’साठी ते लागतं आणि ‘लेट्स एन्क्रिप्ट’मुळे फुकटही मिळतं. पण दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची जाहीर नोंदवही असते आणि ती कुणीही चाळू शकतं. म्हणजे ‘आईचे-रिपोर्ट’ नावाचा सबडोमेन काढलात आणि कुणालाच सांगितलं नाही, तरी ते नाव तिथे दिसणार. ‘लिंक कुणाला माहीतच नाही’ हे कुलूप नव्हे, नुसता भाबडेपणा.

तिसरी पाटी फोटोत. लोकेशन चालू असेल तर मोबाइल प्रत्येक फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ते गळून पडतात, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला किंवा सरळ सर्व्हरवर चढवला, तर सोबत जातात. डिसेंबर २०१२ मध्ये पोलिसांना चुकवत फिरणारा जॉन मॅकॅफी, हो, तोच अँटीव्हायरसवाला, ग्वाटेमालात असल्याचं जगाला कळलं ते एका मासिकानं टाकलेल्या अशाच फोटोवरून. त्याची ही गत, तर बाळाच्या बारशाचे फोटो टाकणाऱ्या आपली काय कथा?

घरात की भाड्यानं?

भाड्याचा सर्व्हर घ्यायचा तर आता लांब जायला नको. ॲमेझॉननं २०१६ मध्ये मुंबईत आपला विभाग सुरू केला. मायक्रोसॉफ्टचा ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजे आपलं पुणंच. नाशिकमध्ये ईएसडीएसचं डेटा सेंटर आहे.

पण ‘भाड्यानं घेतला म्हणजे मी अदृश्य’ या भ्रमात राहू नका. ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या आदेशानुसार डेटा सेंटर, क्लाउड, भाड्याचे सर्व्हर आणि व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क वगैरे माहिती ग्राहक सोडून गेल्यावरही पाच वर्षं ठेवायची आहे. सिस्टिमचे लॉग १८० दिवस. त्यावर नॉर्डव्हीपीएन, एक्स्प्रेसव्हीपीएनसारख्यांनी भारतातले सर्व्हर काढून नेले. तेव्हा आधी ठरवा, तुम्हाला लपायचंय कुणापासून? बहुतेकांचं उत्तर स्पॅमवाले, चोर आणि आगाऊ ओळखीचे हेच असतं. त्यासाठी वर सांगितलेलं पुरेसं आहे.

घरच्या लॅपटॉपवर ठेवायचं तर आपल्याकडच्या अडचणी वेगळ्या. बऱ्याच इंटरनेट कंपन्या एकाच पब्लिक आयपीमागे अनेक घरं बसवतात, त्यामुळे बाहेरून घरी पोचताच येत नाही. स्टॅटिक आयपीचे पैसे वेगळे. डिस्क एन्क्रिप्ट केली तर लॅपटॉप चोरीला गेला तरी फोटो सुरक्षित. पण मग लाइट गेली, इन्व्हर्टरनंही मान टाकली, की परत सुरू करताना कुणीतरी पासफ्रेज टाकायला हवा. तुम्ही ऑफिसात आणि फोनवर आई विचारतेय, ‘अरे, हा काय मागतोय?’ आधी विचार करून ठेवा.

फक्त घरच्यांसाठीच फोटो असतील, तर ते जगासमोर उघडायचेच कशाला? ‘वायरगार्ड’ मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. त्यातून स्वतःचा खासगी बोगदा करा. घरच्यांच्या फोनमध्ये किल्ली, बाकीच्यांना दरवाजाच दिसणार नाही.

आणि कायदा?

सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ ला प्रायव्हसी हा मूलभूत हक्क मानला. मग २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणाऱ्या. घरगुती वापराला यातून सूट आहे. पण क्लास, क्लिनिक, केकच्या ऑर्डरी, म्हणजे दुसऱ्यांची माहिती आली की जबाबदारी आली. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती असेल तर पालकांची संमती लागते आणि सुरक्षेत हयगय केली तर दंडाची कमाल मर्यादा आहे २५० कोटी रुपये. एवढा दंड कुणी घरगुती क्लासला लावेल असं नाही. पण आकडा कशासाठी ठेवलाय, ते समजून घ्या.

या रविवारी एवढं कराच!

• तुमच्या मशीनचा आणि होस्टिंगचा अपडेट कधी संपतो, ती तारीख शोधा. कॅलेंडरमध्ये टाका.
• ऑटोमॅटिक सिक्युरिटी अपडेट चालू करा. आपल्या आठवणीवर विश्वास नको.
• लॉगिन न करता, दुसऱ्याच्या मोबाइलवरून स्वतःच्या साइटचे फोल्डर उघडून बघा. यादी दिसली तर लगेच बंद करा.
• फोटो चढवण्याआधी लोकेशन पुसा.
• बॅकअप घ्या, एक घरात आणि एक घराबाहेर. तो परत उघडतोय का, तेही बघा.
• आणि सगळ्यात महत्त्वाचं, सर्व्हरवरची प्रत्येक फाइल बघून विचारा, ही इथे असायलाच हवी का? नसेल तर डिलीट!

शेवटचा मुद्दा फुकट आहे. त्याला ना लिनक्स यावं लागतं, ना इंजिनीअरिंगची डिग्री. जे ठेवलंच नाही, ते चोरणार कोण?